सिंहगडावरून तोफ डागली तर गोळा कात्रजला पडेल का? (पोराच्या फिजिक्सवरून घरात वाद)

सिंहगडरोडकर:
मुलगा अकरावीला आहे, प्रोजेक्टाइल मोशन (फेकलेली वस्तू कशी जाते ते) चालू आहे. काल गणित सोडवता सोडवता म्हणाला बाबा, तोफेच्या गोळ्याचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरला आणि ४५ अंशात उडवला तर पल्ला १६ किलोमीटर येतो, म्हणजे सिंहगडावरून कात्रज आरामात टप्प्यात. मग पूर्वी लोक तोफा ओढत गडाच्या पार पायथ्याशी का आणायचे, लांबूनच का नाही हाणायचे? मी दोनदा कॅल्क्युलेटरवर केलं, उत्तर बरोबरच येतंय, पण पटत काही नाही. कोणी सांगेल का नीट? मी कॉमर्सचा माणूस.

खडकीचे काका:
गणित बरोबर आहे हो, फक्त ते हवा नसलेल्या जगातलं आहे. दारूगोळ्याच्या कामात आयुष्य गेलं माझं, तरी नवीन आलेली पोरं पहिल्या आठवड्यात हेच विचारायची.
४५ अंशाला पल्ला सगळ्यात जास्त हे टार्टाग्लिया नावाच्या इटालियन माणसाने १५३७ साली छापलं, मग १६३८ मध्ये गॅलिलिओने गोळ्याची वाट म्हणजे पॅराबोला, एक ठरावीक वक्र रेषा, हे सिद्ध केलं. गॅलिलिओला माहीत होतं की हवा आडवी येते, पण ती नेमकी किती हे मोजलं ते इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने, १७४२ साली. लाकूड ठोकलेला जड लोलक टांगायचा, त्यात गोळी मारायची, तो किती मागे झुलला ते रिबनने मोजायचं, त्यावरून गोळीचा वेग. इतकी साधी गंमत! मग लोलक लांब लांब नेऊन बघितलं की वेग किती पडतो. तर निघालं काय, २४ पौंडी गोळा जोरात सुटला की हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या वीसेक पट!! लोक तोवर समजत होते हवा म्हणजे किरकोळ गोष्ट. त्यामुळे तुमचे १६ किलोमीटर प्रत्यक्षात तीन-चारवर येतात. कात्रज सोडा, खडकवासल्याचं धरणसुद्धा लांब राहिलं. आणि सगळ्यात जास्त पल्ल्याचा कोनही ४५ राहत नाही, गोल गोळ्याला चाळिशीच्या खाली येतो.
हा रॉबिन्स पुढे कंपनी सरकारचा इंजिनिअर म्हणून मद्रासकडे आला आणि १७५१ मध्ये इकडेच वारला. त्याच वर्षी सिंहगडाच्या दारूकोठारावर वीज पडली होती, उगाच आठवलं.

सासवडचा बाळ्या:
काकांना +१. आमच्या पुरंदरचंच बघा की, १६६५ ला मोगलांच्या दिलेरखानाने तोफा शेजारच्या वज्रगडासमोर डोंगरावर चढवल्या, एकेका तोफेला तीन तीन दिवस लागले वर न्यायला. हौस होती का त्याला? लांबून गोळा पोचला तरी त्यात दम उरत नाही आणि बुरूज पाडायचा तर एकाच जागी परत परत बसला पाहिजे.
बाकी गोफणीला मात्र ४५ चा नियम बऱ्यापैकी चालतो बरं का. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलताना दगड सेकंदाला तीसेक मीटरने जात असेल, तेवढ्या वेगाला हवा त्याच्या वजनाच्या निम्मासुद्धा विरोध करत नाही. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट, तिथे तोफ मार खाते.

पाषाणची_मी:
उलटं उदाहरण पण सांगा ना मुलाला, आवडेल त्याला. १९१८ मध्ये जर्मनांनी पॅरिसवर १२० किलोमीटरवरून तोफ डागली, तिची नळी मुद्दाम ५० अंशाच्या वर धरायचे. कारण गोळा दाट हवेतून लवकर निसटून ४० किलोमीटर उंच जायचा आणि तिथल्या विरळ हवेत बहुतेक प्रवास करायचा. नळी इतकी झिजायची की प्रत्येक पुढचा गोळा किंचित जाड करून त्यावर नंबर टाकलेला असायचा, चुकीच्या क्रमाने भरला की संपलं.

सिंहगडरोडकर:
काका, ताई, बाळ्या, सगळ्यांना धन्यवाद. पोराला वाचून दाखवलं, तर म्हणतो ठीक आहे पण पेपरात काय लिहू? म्हटलं ४५ च लिही बाबा, वरती "हवेचा विरोध नाही असे मानू" ही ओळ आहे ना, ती दोनदा वाच. आता रविवारी गडावर दारूकोठार बघायला जायचंय म्हणे, आजवर नुसते भजी खाऊन परत येत होतो.

खडकीचे काका:
तो रिबनवाला लोलक घरी करून बघा. लाकडी ठोकळा, सुतळी आणि बेचकी पुरते. फक्त काचेच्या कपाटासमोर नको.