‘दोघेही एकच बायबल वाचतात’ : युद्धाच्या काळात देवाचं नाव घ्यावं का?

सांजवात

गेल्या महिन्यात वॉशिंग्टनला जाणं झालं. लिंकन स्मारकात शिरलं की सगळे पुतळ्यासमोर फोटो काढतात, फार तर डाव्या भिंतीवरचं गेटिसबर्गचं भाषण वाचतात. उजव्या भिंतीवर दुसरं एक भाषण कोरलंय, तिथे गर्दी नसते. ४ मार्च १८६५, दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना केलेलं. जेमतेम सातशे शब्द. मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

तो दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून पाऊस, रस्त्यांवर चिखलाचा नुसता रबडा, बायकांचे झगे लडबडलेले. कॅपिटॉलवर, म्हणजे तिथल्या संसद भवनावर, नवा लोखंडी घुमट चढलेला. चार वर्षं चाललेलं यादवी युद्ध उत्तरेने जवळजवळ जिंकलेलं. पुढच्याच महिन्यात दक्षिणेचा सेनापती ली शरण येणार होता. लोक विजयाचं भाषण ऐकायला आले होते.

आणि लिंकन काय म्हणाला? दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि दोघीही एकमेकींविरुद्ध त्याचीच मदत मागतात. दुसऱ्याच्या निढळाच्या घामाची भाकर ओरबाडायला न्यायी देवाची मदत मागण्याचं धाडस कुणी करावं हे विचित्र वाटतं. पण आपले दोष काढले जाऊ नयेत म्हणून आपणही कुणाचे दोष काढू नयेत. दोघांच्याही प्रार्थना पुऱ्या होणं शक्य नव्हतं, आणि कुणाचीच पूर्णपणे पुरी झाली नाही.

पुढे तो ‘दक्षिणेची गुलामगिरी’ म्हणत नाही, ‘अमेरिकेची गुलामगिरी’ म्हणतो. हा एक शब्द मला फार मोठा वाटतो. अडीचशे वर्षं फुकट राबवून घेतलेल्या श्रमांतून साचलेली संपत्ती बुडेपर्यंत, चाबकाने काढलेल्या रक्ताच्या थेंबाथेंबाची तलवारीच्या रक्ताने फेड होईपर्यंत युद्ध चालावं अशी देवाची इच्छा असेल, तरी त्याचे निर्णय न्याय्यच म्हणावे लागतील, असं तो सांगतो. जिंकत आलेला माणूस देवाचं नाव घेऊन शत्रूला नव्हे, आपल्याच देशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो.

त्या संध्याकाळी व्हाइट हाउसमधल्या स्वागत समारंभाला फ्रेडरिक डग्लस गेला. हा स्वतः गुलामीतून पळून आलेला, गुलामगिरीविरोधी चळवळीचा सर्वांत मोठा वक्ता. दारावरच्या पोलिसांनी त्याला अडवलं. आत निरोप गेला तेव्हा कुठे सोडलं. लिंकनने सगळ्यांदेखत विचारलं, भाषण कसं वाटलं? डग्लस म्हणाला, तो एक पवित्र प्रयत्न होता.

माझं मत सरळ आहे. संघर्षाच्या काळात श्रद्धा सार्वजनिक जीवनात यावी, पण ती अशी यावी. ‘देव आमच्या बाजूने आहे’ म्हणून नव्हे, ‘देवासमोर आम्हीही उभे आहोत’ म्हणून. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहावं.

माणदेशी

सांजवातताई, भाषण मोठं आहे यात वाद नाही. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला घातक वाटतो.

अमेरिकेची १७८७ची घटना वाचा. त्यात देवाचा उल्लेख नाही. उलट सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावायची नाही. आता १८६१ साली फुटून निघालेल्या दक्षिणेची घटना घ्या. तिच्या प्रास्ताविकेत सर्वशक्तिमान देवाची कृपा आणि मार्गदर्शन मागितलंय, आणि त्याच घटनेत गुलामांवरच्या मालकीला संरक्षण आहे.

यावर उत्तरेतल्या काही पाद्र्यांनी काय धडा घ्यावा? आपल्या घटनेत देव नाही म्हणून देशावर हे संकट आलं! १८६४ साली ते दुरुस्तीची मागणी घेऊन लिंकनला भेटले. त्याने ऐकून घेतलं, पण दुरुस्ती पुढे रेटली नाही, हे त्याचं शहाणपण. नाण्यांवर मात्र देव आलाच. पेनसिल्व्हेनियातल्या एका पाद्र्याने १८६१ मध्ये अर्थखात्याला पत्र लिहिलं, अर्थमंत्री चेसने ते मनावर घेतलं, आणि १८६४च्या दोन सेंटच्या नाण्यावर ‘देवावर आमचा भरवसा’ अशी अक्षरं उमटली. हाच चेस पुढे सरन्यायाधीश झाला आणि तुमच्या त्या ४ मार्चला लिंकनला शपथ त्यानेच दिली. पुढे शीतयुद्ध आलं तेव्हा १९५४ मध्ये निष्ठेच्या प्रतिज्ञेत देव घातला आणि १९५६ मध्ये नाण्यावरचं वाक्य राष्ट्राचं ब्रीद झालं. दर लढाईला देव एक पायरी वर चढतो, आणि लिंकनची नम्रता कुणी सोबत नेत नाही. लिंकन अपवाद आहे, अपवादावर नियम बांधता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. या युद्धात निदान सहा लाख माणसं मेली. ते देवाच्या न्यायाच्या खात्यावर टाकलं की ज्यांनी ते आणलं ते सुटतात. पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत द्यायचा १८५० चा कायदा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केला. काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, हा १८५७ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. या माणसांच्या सह्या आहेत, देवाची सही कुठेही नाही.

सांजवात

माणदेशी, त्या वाक्यात ‘जर’ आहे, तो सोडू नका. ‘आपण असं मानलं तर’ अशी त्याची सुरुवात आहे. आणि माणसांना तो सोडत नाही. त्याच्या आधीच म्हणतो की युद्धाचं मूळ गुलामांमध्ये गुंतलेल्या हितसंबंधांत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका बाजूने देश टिकू देण्यापेक्षा युद्ध पत्करलं, दुसरीने देश बुडू देण्यापेक्षा ते स्वीकारलं. जबाबदारी आधी माणसांवर टाकून मगच तो देवाकडे वळतो. नाण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मला मान्य आहे.

नगरचा_पिंपळ

मी अहमदनगरचा, चौथ्या पिढीतला ख्रिस्ती. आमच्या घराण्याचा पहिला बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात झाला. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी परदेशातला नाही.

ताई, तुम्हाला जे वाक्य सर्वांत आवडलं तेच मला बोचतं. ‘कुणाचे दोष काढू नका’, बायबलमधलं मत्तय ७:१. अहो, अमेरिकेतल्या चर्चेसनी तीस वर्षं हेच केलं! आमचं मिशन चालवणारं अमेरिकन बोर्ड घ्या. मुंबईत ते १८१३ साली आलं, नगरला १८३१ साली. त्यांच्याच सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा नगरला पाहून जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. हे ऋण मी मरेपर्यंत मानीन. पण त्याच सुमारास अमेरिकेत त्याच बोर्डाच्या चेरोकी आणि चोक्टॉ या मूळ रहिवासी जमातींमधल्या मंडळ्यांत गुलाम बाळगणारे सभासद प्रभुभोजन घेत होते. त्यांना बाहेर काढा, गुलामांच्या मालकांची वर्गणी घेऊ नका, असं लोक ओरडून सांगत होते. बोर्ड म्हणालं, गुलामगिरी वाईट खरी, पण प्रत्येक मालकाला पापी ठरवणारे आपण कोण? शेवटी कंटाळून वेगळे झालेल्यांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. युद्ध संपल्यावर फिस्क, हॅम्प्टन, अटलांटा इथली मुक्त झालेल्यांची विद्यालयं उभी करण्यात हीच मंडळी पुढे होती. काम केलं ते दोष काढणाऱ्यांनी.

माणदेशी, तुमच्याशीही माझं पटत नाही. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चार माणसांनी गुलामीविरुद्ध निवेदन लिहिलं ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेसाठी. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्व नाही असं ठरवलं, तेव्हा तुमची ती निधर्मी घटना अजून लिहायची होती. आणि लिहिली तेव्हा तिने काय केलं? प्रतिनिधींच्या जागा ठरवताना गुलाम माणूस तीन-पंचमांश मोजला. घटनेत देव नव्हता म्हणून काही न्याय आला नाही.

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीरावांनी ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. अर्पणपत्रिका लोकांना आहे, अध्यक्षाला नाही.

अटलांटाकर

तुम्ही तिघेही खालच्या बाकांवर बसून बोलताय असं वाटतंय. रागावू नका, सांगते.

मी सोळा वर्षं जॉर्जियात आहे. एका मैत्रिणीच्या लग्नाला इथल्या एका जुन्या चर्चमध्ये गेले होते. सुंदर पांढरी इमारत. मागच्या बाजूला अरुंद, उभा जिना. वर गॅलरी, बाकांना पाठ नाही, छत इतकं खाली की उभं राहिलं तर डोकं टेकतं. हाताला लागतील असे फळीचे काठ गुळगुळीत झिजलेले. इथे गुलाम बसायचे. तेच प्रवचन, तीच गाणी, तोच रविवार. खाली मालक.

वर बसलेल्यांनी त्याच पुस्तकातून काय ऐकलं? खालून इफिसकरांस पत्र वाचलं जायचं, ‘दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञा पाळा’. वर बायबलमधलंच ‘निर्गम’ ऐकू यायचं, इजिप्तच्या फारोच्या तावडीतून सुटलेले गुलाम लोक. डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात आपल्या मालकाबद्दल लिहिलंय. मेथडिस्ट पंथाच्या मेळाव्यात त्या मालकाला साक्षात्कार झाला, आणि त्यानंतर तो जास्तच क्रूर झाला. एका लंगड्या तरुणीच्या उघड्या खांद्यांवर आसूड ओढताना तो लूकमधलं वचन म्हणायचा, धन्याची इच्छा ठाऊक असून जो ती करत नाही त्याला पुष्कळ फटके बसतील. तोच डग्लस पुढे लिहितो की या देशाचं ख्रिस्तीपण आणि ख्रिस्ताचं ख्रिस्तीपण यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्याने देव सोडला नाही, मालकाचा देव नाकारला.

म्हणून ‘दोघेही एकच बायबल वाचतात’ यातले दोघे कोण, हा माझा प्रश्न आहे. उत्तरेचे गोरे आणि दक्षिणेचे गोरे. सुमारे चाळीस लाख गुलाम हे तिसरे वाचक, त्यांतल्या बहुतेकांना वाचायला शिकणंसुद्धा कायद्याने बंद होतं. ‘कुणाचीच प्रार्थना पूर्णपणे पुरी झाली नाही’ म्हणे. त्यांची होत होती की! जानेवारीतच गुलामी रद्द करणारी तेरावी दुरुस्ती काँग्रेसमधून पार पडली होती. पवित्र प्रयत्न म्हणणाऱ्या डग्लसनेच १८७६ साली लिंकनच्या पुतळ्यासमोर उभं राहून सांगितलं की तो मुख्यतः गोऱ्यांचा अध्यक्ष होता. सांजवातताई, दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत, एकच घेऊ नका.

माणदेशी

अटलांटाकर, गॅलरीचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. पण तुमच्याच गोष्टीतून माझा मुद्दा पक्का होतो. १८४४ साली जॉर्जियाच्या बिशप अँड्र्यूकडे गुलाम होते म्हणून मेथडिस्ट फुटले. १८४५ मध्ये याच प्रश्नावर बॅप्टिस्ट फुटले, आणि दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांनी गुलामगिरीबद्दल माफी मागितली ती १९९५ साली. मेथडिस्ट १९३९ मध्ये एकत्र आले ते काळ्यांच्या मंडळ्या वेगळ्या काढून, आणि हे १९६८ पर्यंत चाललं. हॉटेलांची आणि नोकऱ्यांची दारं १९६४च्या नागरी हक्क कायद्याने उघडली. हे काम कायद्याने केलं.

अटलांटाकर

आणि कायदा कुणी करायला लावला? २ मे १९६३ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलं मोर्चाला निघाली ती सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चच्या दारातून. १५ सप्टेंबरला त्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटला, चार मुली गेल्या. त्याआधी एप्रिलमध्ये, गुड फ्रायडेला, नागरी हक्क चळवळीचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना बर्मिंगहॅममध्येच अटक झाली. त्याच दिवशी आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर निवेदन काढलं, की निदर्शनं अवेळी आहेत, न्यायालयात जा, धीर धरा. किंग यांनी तुरुंगातून त्यांनाच उत्तर लिहिलं. देव दोन्ही बाजूंना होताच, माणदेशी. एका बाजूला तो थांबा म्हणत होता, दुसरीकडे चला. काढून टाकलात तर दुसऱ्या बाजूचंच बळ जाईल.

सांजवात

पिंपळकाका, तुमचं ‘दोष काढू नका’ मनाला लागलं. शोधताना मे १८६४ मधलं लिंकनचं एक पत्र आठवलं, बॅप्टिस्टांच्या शिष्टमंडळाला उद्देशून लिहिलेलं. त्यात तो म्हणतो की दक्षिणेच्या धर्मगुरूंनी प्रार्थनेचा आव आणून, स्वतःला जे नको ते एका अख्ख्या वंशावर लादायला जगातल्या ख्रिस्ती लोकांची मदत मागितली, तेव्हा त्यांनी देवाचा जो अपमान केला तो सैतानाने ख्रिस्ताला मोह घातला त्याहून मोठा होता. एवढं बोलून मग तो स्वतःला आवरतो आणि हेच वचन लिहितो, मत्तय ७:१. म्हणजे दोष काढून झाल्यावर. अमेरिकन बोर्ड त्या वचनापासून सुरुवात करत होतं, हा तिथपर्यंत चालत येतो. मला यात फरक दिसतो.

अटलांटाकर, ‘दोघे’ म्हणजे कोण याला माझ्याकडे उत्तर नाही. मी ते वाक्य दोनदा वाचूनही हा प्रश्न मला पडला नव्हता.

नगरचा_पिंपळ

पत्र चांगलं काढलंत, ताई. पण ते पत्र शिष्टमंडळाला होतं. भर पावसात आलेल्या हजारोंसमोर, ज्यांच्यात डग्लस होता, त्या दिवशीच्या मिरवणुकीत चाललेले काळे सैनिक होते, तिथे सैतानाचं वाक्य गाळलं आणि वचन तेवढं ठेवलं. का गाळलं असेल हे मी समजू शकतो, हरलेल्यांना परत घरात घ्यायचं होतं. पण मी त्या सैनिकांच्या जागी असतो तर मला ते वाक्य तिथे हवं होतं.