लेकीच्या प्रोजेक्टातला 'सिग्नस ओलोर'
(सोसायटी ग्रुप, नेरूळ)

बी-३०४: लेकीच्या प्रोजेक्टमध्ये म्यूट स्वानचं (मुका हंस) शास्त्रीय नाव आलंय, 'सिग्नस ओलोर'. अर्थ लिहायचाय. कोणी सांगेल का?

ए-७०२: टी. एस. चाणक्यच्या (नौवहन प्रशिक्षण संस्था) मागे आलेत बघा, गुलाबी गुलाबी!

सी-१०१: अहो, ते फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी. हंसाशी काही देणंघेणं नाही त्यांचं 😄

बी-३०४: डी-६०३च्या मॅडम आहेत का? त्या जीवशास्त्र शिकवायच्या.

डी-६०३: आहे. 'सिग्नस' लॅटिनने ग्रीक 'कुक्नोस'वरून घेतलं. 'ओलोर' हा लॅटिनचा स्वतःचा जुना शब्द. अर्थ दोन्हींचा हंसच. म्हणजे झालं 'हंस हंस'!

बी-३०४: आणि मुका कुठे गेला?

डी-६०३: तो फक्त इंग्रजी नावात. तसा मुका नाहीच तो, चांगला फुत्कारतो. युरोपातल्या व्हूपर हंसाचं तर सरळ 'सिग्नस सिग्नस'. ही दोन शब्दांची नावं रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये त्याला बदकांसोबत 'ॲनास सिग्नस' म्हणून बसवलं होतं. पुढे हंसांची प्रजाती (जीनस, नावातला पहिला शब्द) वेगळी केली, पण जातीचं नाव (दुसरा शब्द) तेच ठेवायचं असतं. प्राण्यांत अशी द्विरुक्ती चालते, वनस्पतींत नाही.

ए-५०१: अमेरिकेतला ट्रम्पेटर हंस 'बक्सिनेटर' ना? आम्हा डॉक्टरांकडे तो गालातला स्नायू.

डी-६०३: तोच शब्द डॉक्टर, तुतारी फुंकणारा. माझा आवडता मात्र ऑस्ट्रेलियाचा काळा हंस, 'ॲट्राटस'. नुसता काळा नव्हे, काळे कपडे घातलेला. रोमन लोक सुतकात तसे कपडे घालत.

सी-१०१: आपल्या 'हंस' शब्दाचा यात काहीच वाटा नाही?

डी-६०३: आहे, पण भलत्या घरात. संस्कृत हंस, लॅटिन 'ॲन्सर', जर्मन 'गान्स', इंग्रजी 'गूज' हे सगळे एका मुळाचे. म्हणजे आपल्या हंसाचा लॅटिन भाऊ सिग्नस नाही, ॲन्सर. पट्टकदंब हंस हा गूजच, स्वान नव्हे; त्याचं नावच 'ॲन्सर इंडिकस'. तिबेटच्या तलावांकडे वीण, थंडीत हिमालय ओलांडून भारतात. स्वान आपल्याकडे क्वचितच चुकूनमाकून येतो. मला तर मानसरोवराचा हंस हाच वाटतो.

ए-७०२: म्हणजे सरस्वती गूजवर?? कॅलेंडरवाल्यांना कळवा 🙏

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या टाकी धुणार, ११ ते ४ पाणी बंद.

सी-१०१: तेवढं पाणी भरून ठेवू. मॅडम, चालू द्या.

बी-३०४: लेक विचारतेय, लिहायचं कसं?

डी-६०३: दोन्ही शब्द तिरक्या अक्षरांत. इंग्रजी लिपीत पहिल्याचं आद्याक्षर मोठं, दुसरा सगळा लहान. हाताने लिहिणार असेल तर खाली रेघ. संध्याकाळी पाठव तिला वर, तपासून देते.