विषय: नागपूरचा मुलांचा सिनेमा – पत्रकातली टक्केवारी

पत्रक उद्या सकाळी धरमपेठेत छापायला जातंय. 'स्टॉर्मब्रेकर' या पोरवयीन गुप्तहेराच्या सिनेमाखाली (२००६) "समीक्षकांनी १०० पैकी ३३ गुण दिले" असं आलंय. ते काढा. ३३ हा रॉटन टोमॅटोजचा, म्हणजे समीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळाचा, टक्केवारीचा आकडा आहे. ते गुण देत नाही. एकूण समीक्षणांपैकी अनुकूल किती, एवढंच मोजतं. सगळ्यांनी पाचपैकी तीन दिले तरी टक्केवारी शंभराला टेकू शकते आणि सगळे अडीचवर थांबले तर पार खाली येते. ६० च्या आत आलं की हिरवा डाग, म्हणजे नापसंतीचा शिक्का. सरासरी हवी असेल तर मेटाक्रिटिक हे दुसरं संकेतस्थळ बघा, तिथे समीक्षकागणिक वजन देऊन काढतात. तूर्त "तीनातल्या दोघा समीक्षकांना आवडला नाही" एवढं लिहा.
– मीना

मीनाताई, मग आकडा पाहिजे काहून? कारण लिहा ना. नावीन्य नाही, थरार कमी, लहान मुलांपुरताच, असा आक्षेप होता. तो पटण्यासारखा आहे. मूळ कादंबरीतल्या पोराला गुप्तहेर खातं धमकावून कामाला जुंपतं, तो जाच पडद्यावर दोन मिनिटांत उरकतो. मग निन्टेंडोचं खेळणं घेऊन पोरगं मोहिमेवर. पटकथा कादंबरीकार हॉरोविट्झचीच, त्यामुळे दिग्दर्शकाला एकट्याला धरू नका. मारामाऱ्या मात्र हाँगकाँगच्या मारधाडपटांतल्या डॉनी येननं बसवल्या आहेत, आमची पोरं त्याच पाहतील.
– नंदू

नंदूभाऊ, मारामाऱ्यांवर पत्रक चालत नाही. याच कादंबऱ्यांवरच्या २०२० च्या मालिकेचं कौतुक झालं ते नायक वयानं वाढवला आणि धमकावणं नीट दाखवलं म्हणून. तीच दाखवा, पहिला भाग पुरतो.
– अनघा

मालिका नको, सिनेमा ठरलाय. पण पुढचे भाग का आले नाहीत ते एका ओळीत टाका: खर्च सुमारे ४ कोटी डॉलर, तोही भरून निघाला नाही, अमेरिकेत मोजक्याच पडद्यांवर लागला. मुलं हमखास विचारतात.
– वसंतकाका

काका, ती ओळ घेते. पण वाईट समीक्षणांमुळे बुडाला असं लिहू नका. 'एजंट कोडी बँक्स' या तसल्याच पोरगेल्या गुप्तहेराच्या सिनेमालाही (२००३) समीक्षकांनी फारसं उचललं नव्हतं, तरी २००४ मध्ये दुसरा भाग आला. वितरणाचं वेगळं, समीक्षेचं वेगळं. रात्री नऊपर्यंत दुरुस्त्या पाठवा.
– मीना