प्रवासातलं रेकॉर्डिंग आणि सैल पडणारं घुमट

गावोगाव फिरत अल्बम रेकॉर्ड करणाऱ्या लोकगायकाबद्दल कोणीतरी 'स्टुडिओ परवडत नाही म्हणून केलेली हौस' असं म्हटलंय. मला नाही पटलं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका मित्राची चार गाणी आम्ही अशीच घेतली, त्या अनुभवावरून सांगतो.

खरी कटकट माइकची नाही, घुमटाची, म्हणजे गोव्याच्या त्या तालवाद्याची. मातीच्या मडक्यावर ताणलेलं चामडं दमट हवेत सैल पडतं. पावसाळ्यात दर टेकआधी ते निखाऱ्यांच्या उबेला धरायचं, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाज पुन्हा उतरलेला! (पूर्वी घोरपडीचं कातडं वापरत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकरीचं. जुने वादक अजून हळहळतात. २०१९मध्ये गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्य ठरवलं, पण चामड्याचा प्रश्न तिथेच आहे.)

देवळाच्या सभामंडपात आवाज फार घुमतो, शब्द बुडतात. सगळ्यात स्वच्छ आवाज आला तो भाताच्या पोत्यांमध्ये बसून, सारवलेल्या खोलीत. चोडणच्या फेरीबोटीवर मात्र गायच्या भानगडीत पडू नका. तिथली नुसती घरघर टिपा आणि गाण्याच्या सुरुवातीला जोडा, झकास लागते.