'जैत रे जैत': आधी कादंबरी, गाणी की चित्रपट?

कुळागर (फोंडा)
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाचा गट दर वेळी एक विषय धरतो आणि त्यावरची एक कादंबरी, एक गाण्यांचा संच आणि एक चित्रपट घेऊन बसतो. पुढचा विषय आहे 'डोंगर आणि देव'. यंदा तिन्ही गोष्टी एकाच मुळातून घेतल्यात: गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत', त्यावरचा जब्बार पटेलांचा १९७७ चा चित्रपट, आणि त्यातली ना. धों. महानोर-हृदयनाथ मंगेशकरांची गाणी. अडचण अशी की गाणी सगळ्यांना पाठ, कादंबरी वाचलेले फार थोडे. त्यात मंगेशकरांचं मूळ गाव मंगेशी आमच्याच तालुक्यात. गाणी सुरू झाली की गप्पा मंगेशकर घराण्यावर जातात आणि संध्याकाळ तिथेच संपते. तीन बैठका आहेत. क्रम कसा लावू?

म्हादयकाठ (वाळपई)
बाई, कादंबरी आधी. आणि ती घरी वाचून या असं सांगू नका, बैठकीत मोठ्याने वाचा. गोनीदांनी ठाकर आदिवासींची बोली तशीच ठेवलीय. नुसत्या डोळ्यांनी वाचणारा सुरुवातीलाच अडखळतो आणि पुस्तक मिटतो. कानावर पडली की ती लगेच आपली होते. गोनीदांची मुलगी वीणा देव आणि त्यांच्या घरच्यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वर्षानुवर्षं केलं, ते उगाच नव्हे.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. 'नभ उतरू आलं', 'जांभूळ पिकल्या झाडाखाली' ही गाणी इतकी गोड आहेत की सगळी गोष्टच पावसातल्या प्रेमाची वाटू लागते. प्रेम आहेच. नवऱ्याला सोडून आलेली ती चिंधी, स्मिता पाटीलने केलेली, मनातून जात नाही. तरी गोष्टीचा कणा आहे तो नायक नाग्याचं देवाशी झालेलं भांडण. भगताचा पोर, पुण्यवंत व्हायचं म्हणून नेमाने वागणारा. ज्या डोंगराला देव मानलं, तिथलीच राणीमाशी त्याला डसते आणि डोळा जातो. माझं काय चुकलं, एवढंच त्याला विचारायचंय. उत्तर येत नाही, मग तो पेटतो. ज्याची श्रद्धाच नाही त्याला एवढा राग कशाला येईल?

आपल्याकडे गोव्यात गावोगाव राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव आहे. आपण त्याला रोंटाचा (रोटीचा) नैवेद्य देतो, गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाण्यात मागणं असतं, चुकलंमाकलं पोटात घे असंही असतं. पण देवाला उभं करून जाब विचारणारा माणूस? आमच्या सत्तरी तालुक्यात मी तरी असा कुणी ऐकलेला नाही. पहिल्या बैठकीत हाच प्रश्न ठेवा: आपल्या गावात एखादा नाग्या निघाला तर गाव त्याच्या बाजूने उभा राहील का? मग कुणी घराण्यावर घसरणार नाही, खात्रीने सांगतो.

चित्रपट दुसरा. त्यात गाणारी मंडळी गोष्ट पुढे नेतात, ते नीट बघायला सांगा. जब्बार पटेल, मोहन आगाशे, चंद्रकांत काळे, रवींद्र साठे ही सगळी १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मधली माणसं. समूहाने गात कथा सांगायची ताकद तिथूनच आली, असं मला वाटतं.

गाणी शेवटी, पडदा बंद ठेवून. कोण कुणासाठी गातंय हे ठाऊक झालं की 'मी रात टाकली' आधी ऐकलं होतं तसं उरत नाही. मी स्वतः आरत्यांना घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवतो, म्हणून आणखी एक सुचवतो: गटात कुणी घुमट किंवा ढोल वाजवणारा असेल तर त्याला त्या दिवशी बोलतं करा. नाग्या ढोलिया आहे. देवापुढे वाजवणाऱ्याचं देवाशी नातं कसं असतं, ते तोच सांगू शकेल.

आबोली (म्हापसा)
मला गाणी आधीच हवीत. आमच्या गटात कॉलेजची मुलं आहेत, बोलीतली कादंबरी म्हटली की येतच नाहीत. 'आम्ही ठाकर ठाकर' लावलं की निदान बसतात तरी. दार कुठलंही असो, आत आले म्हणजे झालं.

म्हादयकाठ (वाळपई)
आबोलीताई, मुलं आली पाहिजेत हे अगदी खरं. मग तेवढं एकच गाणं लावा आणि लगेच वाचायला घ्या. त्यात ठाकर स्वतःची ओळख करून देतात, म्हणून ते सुरुवातीला शोभतंही. बाकीची मात्र राखून ठेवा. एकदा सगळी ऐकली की मुलं वाचतानाही गाण्याचीच वाट बघतात.

रानमध (सांगे)
मधमाश्यांचं थोडं सांगतो, चर्चेत उपयोगी पडेल. कड्याला लोंबतं ते आग्या मोहोळ: उघडं, एकच मोठं पोळं, हजारो माश्या. चावायला धावतात त्या कामकरी. राणी पोळं सोडून माणसावर येत नाही, तिची नांगी दुसऱ्या राणीसाठी असते. म्हणजे नाग्याला डसते ती कीटकशास्त्रातली माशी नव्हे, देवच डसतो. म्हादयकाठ म्हणतात त्याला यामुळे बळच येतं. आणि हो, मध काढणारे काळोख्या रात्री धूर करून चढतात. त्या कड्यावर दोराला लटकणं किती जिवावरचं असतं, तेही मुलांना सांगा.

कुळागर (फोंडा)
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: 'आम्ही ठाकर ठाकर', मग वाचन. दुसऱ्या बैठकीला चित्रपट, तिसरीला नुसती गाणी. राखणदाराचा प्रश्न मी फळ्यावर लिहूनच ठेवणार आहे. आमच्यात दोघे जण मंदिराचे महाजन, म्हणजे वंशपरंपरेने मंदिराचा कारभार बघणारे आहेत, त्यांचं म्हणणं ऐकायची मला फार उत्सुकता आहे. रानमध, माश्यांबद्दल बोलायला तुम्ही स्वतः याल का? आणि एक विनंती: पणजीच्या केंद्रीय ग्रंथालयाशिवाय कादंबरीच्या जादा प्रती आणखी कुठे मिळत असतील तर कळवा. वाचणारे चार असले तरी प्रत्येकाच्या हातात पुस्तक हवं.