नव्या घराला जुन्या घराचा पोत कसा आणावा?

उंबरठा_०७: घर बांधून आठ महिने झाले. गळती नाही, तडे नाहीत, तरी आत आलं की शोरूममध्ये शिरल्यासारखं वाटतं. भिंती गुळगुळीत, दारं सपाट पृष्ठाची, फ्लशची, छताला पांढरेफटक दिवे. ज्या घरात वाढले त्याची थोडी तरी खूण इथे हवी आहे. तोडफोड नको, आणि पैसे एका खोलीपुरतेच आहेत. काय करू?

सागवेडा: जुनी सागवानी दारं घ्या, चौकटीसकट. मी घरातली सगळी 11 दारं बदलली. येणारा प्रत्येक जण आधी दारावरून हात फिरवतो. खर्च होतो, पण घर एकदाच सजवायचं असतं.

गिलावा: दोष भिंतींत आहे. चुन्याचा गिलावा करा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो. हाताने फिरवलेल्या थापीचे चढउतार त्यात राहतात आणि उजेड मऊ पडतो.

कंदील: प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, सगळ्या भिंती खरवडाव्या लागतील. ताईंनी तोडफोड नको म्हटलंय. आधी दिवे बदला. 6500 केल्विनचे पांढरे काढून 2700 चे पिवळसर लावा, आणि छतावरून खाली भिंतीवर, टेबलावर आणा. एका संध्याकाळचं काम आहे.

रंधा_करवत: जुन्या दारांच्या नादी लागताना जपून. मी एक आणलं. दोन महिन्यांनी खाली पिठासारखा भुसा पडू लागला आणि किडा शेजारच्या नव्या कपाटात गेला. त्याहून वाईट म्हणजे मी ते कोरडंच घासलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, हे नंतर कळलं. घरात तेव्हा लहान मूल होतं. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

सागवेडा: माझ्या 11 पैकी एकाही दारात किडा नाही. पारखून घ्यावं लागतं.

पितळी: कड्या, मुठी, बिजागऱ्या पितळेच्या बसवा, पण वर लॅकर, म्हणजे चकाकी टिकवणारा पारदर्शक थर, नसलेल्या. लॅकर असेल तर पितळ जुनं होतच नाही.

झटपट: लॅकरवालंच घ्या. दर महिन्याला चिंच लावून घासायला वेळ कुणाला आहे?

पितळी: घासायचंच नाही! काळवंडू द्यायचं. रोज हात लागतो तिथे ते आपोआप उजळ राहतं, बाकी गडद होतं. तीच तर जुन्या कडीची ओळख.

माळा: जुन्या भिंती दीड-दोन फूट जाड असायच्या, म्हणून खिडकीत बसता यायचं. आताच्या सहा-नऊ इंची. खिडकी नुसतं भोक दिसते. बाकी चालू द्या.

झटपट: दिवे पिवळे करा. आणि जुनं सागवान बघा.

उंबरठा_०७: सगळ्यांचे आभार. माळा यांचं वाचलं आणि दोन दिवस तेच डोक्यात राहिलं. मला दार आठवत नव्हतंच, खिडकी आठवत होती. पाय वर घेऊन, पाठ भिंतीला टेकवून मी सगळी सुट्टी तिथे वाचत असायचे. आता एकाच खिडकीला आतून फळ्यांची 18 इंच खोल चौकट करून घेतेय. खाली पेटी, तिचा भार जमिनीवर, म्हणजे भिंत फोडायला नको. लाकूड नवं, वर फक्त जवसाचं तेल. दारं, दिवे, भिंती आहेत तशाच राहतील.

सागवेडा: नवं लाकूड? चूक करताय. निदान बसायची फळी तरी जुन्या तुळईची घ्या.

कंदील: दिवे तरी बदला हो. पांढऱ्या उजेडात त्या लाकडाचा रंगच मरेल.

रंधा_करवत: बसायची फळी पुढून थोडी गोल करून घ्या, नाहीतर मांडीखाली कड रुतते. आणि तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, ढिगातल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. एकेक सुटी पसरून बाहेर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.