मदत हवी आहे: भयकथेसाठी जीवनगौरव कुणाला द्यावा?

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा छोटासा वाचनकट्टा आहे. यंदा भयकथाकाराला जीवनगौरव द्यायचं ठरलं आणि तिथेच घोडं अडलंय. नारायण धारप 2008 मध्ये गेले, रत्नाकर मतकरी 2020 मध्ये. मरणोत्तर द्यायचा तर धारपच, असं माझं मत. त्यांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथांची पानं सुटलेली एक प्रत कट्ट्यावर अजून हातोहात फिरते. पण आमचे एक काका म्हणतात, शाल घ्यायला माणूस नको का? (अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगला भयसाहित्याचा 2002 चा ब्रॅम स्टोकर जीवनगौरव हयातीतच मिळाला, हा त्यांचा हुकमी एक्का.)

तर हयात लेखकांपैकी कोण सुचवाल? एखादी गाजलेली कथा नको, भरीव लेखन हवं. आणि परदेशी कथांची रूपांतरं धरायची का? ती वगळली तर धारपांचंही थोडं गळतं, म्हणून विचारतोय.